बैलांचा सांधेवात आणि उपचाराचा हिशेब
(राखणीचा कुत्रा व घरचे मांजर यांच्या विचारासह)

दसरा आटोपला की बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या माथ्यावरील गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऊसवाहतुकीचा मोठा भाग आता ट्रॅक्टर व मालमोटारी यांनी उचलला आहे. तरीही गाडीवान ऊसतोड कामगारांचा वर्ग अद्याप टिकून आहे, व त्याच्याबरोबर त्याची बैलजोडीही परगावी जाते. पुढील चार-पाच महिने ही जोडी फडातून कारखान्यावर ऊस ओढते. फडातील वाट ढेकळांची व चिखलाची, पुढील सडक डांबरी व कठीण, आणि गाडीवरील ओझे बहुधा जोडीच्या ताकदीपेक्षा अधिकच असते. अशा कामात बैलाच्या पायाचे सांधे प्रथम दुखावतात, मग सुजतात व अखेरीस कायमचे निकामी होतात. या विकारास सामान्यतः सांधेवात म्हणतात. त्याच्या उपचारास किती खर्च येतो हा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतो. परंतु तो विचारताना केवळ औषधाची किंमत त्याच्या डोळ्यांपुढे असते, आणि हिशेब तेथेच चुकतो.

लंगडणारे प्रत्येक जनावर सांधेवाताचे नसते

बैल लंगडू लागताच सांध्याला दोष देण्यापूर्वी खूर उचलून पाहावे. बाभळीचा काटा, खिळा, उसाचे टोकदार खोडके, झिजलेला खूर किंवा सैल झालेली पत्री यांपैकी काहीतरी पुष्कळदा सापडते. काटा काढून जखम धुतली व औषध लावले की काम भागते. खुरात काही नसेल तर हात वरवर नेत घोटा, गुडघा, ढोपर, खुबा असे क्रमाने चाचपावे. जो सांधा दुसऱ्या पायाच्या त्याच सांध्यापेक्षा गरम किंवा मोठा लागेल, अथवा जेथे हात लावताच बैल पाय ओढून घेईल, तेथे दुखणे आहे असे समजावे.

काही रोगांतही जनावर लंगडते. त्यांची ओळख गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे, कारण त्यांत वेळ दवडणे जिवावर बेतते. फऱ्या रोगात धडधाकट, विशेषतः तरुण, जनावर एकाएकी लंगडते, त्यास जोराचा ताप येतो, मांडी किंवा खांदा सुजतो आणि सूज दाबली असता चरचर असा आवाज येतो. येथे तासांचा हिशेब असतो. तिव्यात म्हणजे तीन दिवसांच्या तापात आज एक पाय तर उद्या दुसरा पाय लंगडतो, आणि बहुतेक जनावरे विश्रांतीने बरी होतात. अशा जनावरास सांधेवाताचे समजून डाग देणे म्हणजे नाहक छळ होय. लाळ्या-खुरकुतात तोंडातून लाळ गळते व खुरांच्या बेचक्यात फोड येतात. गुडघ्यावर मऊ पाण्यासारखी मोठी गाठ येऊन राहिली असेल आणि गोठ्यातील गाई गाभडत असतील, तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. हा रोग माणसासही होत असल्याने गाभडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये.

वासरांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत वासराचे सांधे सुजून ते उभे राहीनासे झाले, तर त्याचे मूळ बहुधा नाळेत असते. घाणीत पडलेल्या ओल्या नाळेतून जंतू रक्तात शिरतात व सांध्यांत घर करतात. सांध्यात पू झाल्यावर उपचार लांबतो, महाग पडतो व बहुधा अपुरा ठरतो. वासरू जन्मताच स्वच्छ पात्याने नाळ कापून ती टिंक्चर आयोडिनमध्ये बुडविली व कोरड्या जागी वासरू ठेवले, तर हा सारा खर्च टळतो. आयोडिनच्या एका बाटलीत गोठ्यातील कित्येक वासरांचे काम होते.

खरा खर्च कोठे होतो

झिजलेल्या सांध्याची मूळ स्थिती परत आणणारे औषध उपलब्ध नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. ते एकदा झिजले की पुन्हा पूर्ववत भरून येत नाही. औषधाने सूज व वेदना कमी होतात, आणि त्या अवधीत विश्रांती मिळाली तर झीज थांबते किंवा मंदावते. म्हणून उपचाराच्या खर्चात सर्वांत मोठी बाब औषधाची नसून विश्रांतीच्या दिवसांची असते. एक बैल बसला की त्याचा जोडीदार बसतो, गाडी बसते व कोयत्यावरील नवरा-बायकोचेही काम अडते. शिवाय उचल फिटावयाची राहते. ही टोचणी गाडीवानास विश्रांती देऊ देत नाही.

पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपला दर घालावा. समजा, गाडीची रोजची प्राप्ती ८०० रुपये आहे. पहिल्या गाडीवानाने बैल लंगडताच पाच दिवस विश्रांती दिली आणि औषध व जाणे-येणे यांवर १,००० रुपये खर्च केले. दुसऱ्याने वेदना मारणारी सुई टोचून घेऊन त्याच दिवशी बैल जुंपला. आठ दिवस गाडी चालली, नवव्या दिवशी सांधा फुगून बैल खाली बसला व पुढे ४० दिवस उठून कामास लागला नाही. त्याच्या औषधांस ३,००० रुपये लागले.

दोघांचा ४८ दिवसांचा जमाखर्च मांडून पाहावा. पहिल्याची गाडी ४३ दिवस चालली. प्राप्ती ३४,४०० रुपये, खर्च १,००० रुपये, हाती ३३,४०० रुपये. दुसऱ्याची गाडी ८ दिवस चालली. प्राप्ती ६,४०० रुपये, खर्च ३,००० रुपये, हाती ३,४०० रुपये. दोघांत ३०,००० रुपयांचा फरक पडला, आणि त्यात औषधाचा वाटा केवळ २,००० रुपयांचा आहे. दुसऱ्या गाडीवानाने मधल्या काळात भाड्याने बैल आणला असता तर ते भाडे वेगळे धरावे लागले असते.

यात बैलाची उतरलेली किंमत धरलेली नाही. नेकनूर किंवा हिरापूरच्या बाजारात जोडी पारखणारा व्यापारी बैलास प्रथम चालवून पाहतो, हे सर्वांस ठाऊक आहे. राज्यात मार्च २०१५ पासून बैलांच्या कत्तलीस बंदी लागू आहे. त्यामुळे कामातून गेलेल्या बैलास खरीददार मिळणे कठीण झाले असून, असा बैल मरेपर्यंत दावणीस सांभाळावा लागतो. या स्थितीत चांगल्या बैलाचे पाय राखणे हे पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे झाले आहे.

वेदना थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे

वेदना हा जनावराचा रखवालदार आहे. सुजलेल्या पायावर भार पडू नये म्हणून बैल लंगडतो. सुईने वेदना दबली की तो दुखावलेल्या पायावरही पूर्ण भार टाकतो, आणि उरलीसुरली कूर्चा घासून जाते. वेदनाशामक औषध वाईट नाही. परंतु ते विश्रांतीच्या जोडीने द्यावयाचे असते, विश्रांतीच्या बदल्यात नव्हे. काही ठिकाणी अनधिकृत इसम स्टिरॉइड जातीची सुई देतात. तिने जनावर तासाभरात तरतरीत दिसते व टोचणाऱ्याचा लौकिक वाढतो. पण अशी औषधे वारंवार दिल्यास सांध्याची कूर्चा अधिकच नासते, अंगातील रोगप्रतिकारशक्ती घटते, आणि गाभण गाई-म्हशींत शेवटच्या महिन्यांत गर्भपाताचा धोका असतो.

डाग देणे व बिब्बा घालणे हे प्रकारही अद्याप चालू आहेत. तापलेल्या सळईने सांध्यावर डागल्यास जुन्या दुखण्याहून नवे दुखणे मोठे होते, एवढाच त्याचा परिणाम. जखमेत किडे पडले तर तो खर्च आणखी निराळा. त्यापेक्षा पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याची धार आणि त्यानंतर मिठाच्या गरम पाण्याचा शेक हे घरगुती उपाय निर्धोक आहेत व त्यांस पैसा लागत नाही. मात्र सांध्यावर जखम असेल किंवा पू वाहत असेल तर शेकाच्या नादी न लागता पशुवैद्यास बोलवावे.

कोणते औषध द्यावयाचे नाही, यालाही मोठा अर्थ आहे. एके काळी जनावर मेले की आकाशातून गिधाडे उतरत व काही वेळात हाडांचा सापळा तेवढा उरे. १९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत ही गिधाडे देशातून जवळजवळ नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात हजारी एकापेक्षाही कमी उरली. त्याचे कारण प्रथम २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले. सांधेदुखी व सूज यांवर गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध मेलेल्या गुराच्या मांसात राहते, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीची पावले उचलली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जातात असे आढळल्यावर २०१५ साली त्या कुप्याही एका मात्रेपुरत्या, म्हणजे ३ मिलिलिटरच्या करण्यात आल्या. २०२३ साली केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक या औषधांवर जनावरांच्या बाबतीत बंदी आली, व त्यानंतर निमेसुलाइडवरही. गिधाडांस निर्धोक ठरलेले व गुरांस उपयोगी पडणारे औषध मेलॉक्सिकॅम हे होय.

हा केवळ पक्ष्यांच्या दयेचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. गिधाडे गेल्यावर उघड्यावर टाकलेली मढी भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे भयही वाढते. दहा-वीस रुपये वाचविण्यासाठी टोचलेल्या सुईची किंमत अशी तिसऱ्याच घराने मोजावी, हे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही. वेदनाशामक औषध दिलेले जनावर काही दिवसांत दगावले, तर ते माळावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

मेलॉक्सिकॅमची मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. गुरांसाठी सामान्यतः दर किलोग्रॅम वजनास ०.५ मिलिग्रॅम हे प्रमाण धरतात. ४०० किलोग्रॅमच्या बैलास या हिशेबाने २०० मिलिग्रॅम औषध लागते, आणि एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असेल तर ते ४० मिलिलिटर भरते. एवढी मोठी सुई पाहून गाडीवान बिचकतो व निम्मीच टोचण्यास सांगतो. निम्म्या मात्रेने पैसाही जातो व गुणही येत नाही. मात्रा किती व किती वेळा द्यावयाची हे पशुवैद्यानेच ठरवावे. दुभत्या जनावरास औषध दिले असेल तर वेष्टनावर सांगितलेले दिवस त्याचे दूध विकू नये.

ओझे, वैरण व बैठक

भाराविषयी कायद्याचा आधार आहे, हे फार थोड्या गाडीवानांस व त्याहून थोड्या मुकादमांस माहीत असते. ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, सलग पाच तासांनंतर त्यास विसावा द्यावा लागतो, आणि तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी १२ ते ३ या वेळात त्यास जुंपता येत नाही. कारखान्याच्या दारात वजनकाट्याची रांग लागलेली असताना जोडी जुंपलेलीच ठेवण्याची रीत आहे. रांगेतील हे तास कोणी कामात धरीत नाही, पण बैलाच्या मानेवर व पुढच्या पायांवर त्या वेळीही भार असतो. रांगेत जू उतरवून ठेवण्याची सवय लावल्यास एका पैशाचा खर्च न करता रोज विश्रांती मिळते.

गाडीच्या चाकांत हवा कमी असेल तर तेच ओझे ओढण्यास जादा जोर लागतो. उसाच्या मोळ्या पुढे अधिक रचल्या तर जुवावर भार येतो, मागे अधिक रचल्या तर जू वर उचलले जाऊन नाडी गळ्याशी काचते. दोन्हींत सांध्यांवर आडवा ताण पडतो. उतारावर गाडी रोखण्यास ब्रेक नसेल तर ते काम बैलाचे गुडघे करतात.

फडावर वैरण म्हणून बहुधा उसाचे वाढेच असते. वाढ्यांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असून ते चुन्याचे द्रव्य बांधून ठेवते, त्यामुळे महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर राहिलेल्या जनावरास हाडांना लागणारे कॅल्शियम कमी पडते. वाढ्यांबरोबर थोडा कडबा किंवा इतर चारा मिसळावा, व मोठ्या जनावरास रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्यावे. रात्रीच्या बैठकीसाठी कोपीशेजारी उसाच्या पाचटाचा जाड थर पसरावा व तो ओला होताच बदलावा. पाचट फडात फुकट मिळते. दुखऱ्या सांध्याच्या बैलास दगडी किंवा ओल्या जमिनीवरून सकाळी उठताना होणारा त्रास ज्याने पाहिला आहे, त्यास या थराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

राखणीचा कुत्रा व घरचे मांजर

कोपीवर किंवा वस्तीवर कुत्रा असतोच. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपाचे तर त्याच्यावाचून चालत नाही. आठ-दहा वर्षांचा कुत्रा सकाळी उठताना आखडतो, कळपाच्या मागे पडतो, एकच सांधा सारखा चाटतो व थोडे चालल्यावर मोकळा होतो. हीच त्याच्या सांधेवाताची चिन्हे. मांजर लंगडत नाही. ते कणगीवर उडी मारीनासे होते, अंग चाटून स्वच्छ ठेवीनासे होते, आणि घरची माणसे म्हातारपण म्हणून सोडून देतात.

कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडत असतील, आवाज बदलला असेल, लाळ गळत असेल किंवा गिळता येत नसेल, तर तो सांधेवात समजून त्याच्या तोंडात औषध घालू नये. पिसाळण्याचा एक प्रकार असाच मुका व लुळेपणाचा असतो. तरुण कुत्र्यास ताप येऊन सांधे दुखत असतील तर गोचिडांपासून होणाऱ्या तापाची तपासणी करून घ्यावी, कारण तो औषधाने बरा होऊ शकतो.

कुत्र्याच्या सांधेवाताचा खर्च बैलाहून वेगळ्या जातीचा असतो. बैलास उपचार काही दिवसांचा असतो, तर म्हाताऱ्या कुत्र्यास औषध महिनोन्‌महिने द्यावे लागू शकते. मेलॉक्सिकॅमचे प्रमाण कुत्र्यास पहिल्या दिवशी दर किलोग्रॅमला ०.२ मिलिग्रॅम व पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम असते. २० किलोग्रॅमच्या कुत्र्यास रोज २ मिलिग्रॅम, म्हणजे महिन्यास सुमारे ६० मिलिग्रॅम औषध लागते. एका मिलिलिटरमध्ये १.५ मिलिग्रॅम असलेले पातळ औषध घेतल्यास ते महिन्याला ४० मिलिलिटर होते. हा आकडा धरून दुकानदाराकडून किंमत विचारली की महिन्याचा खर्च आधीच कळतो. परदेशात सांधेदुखीसाठी महिन्यातून एकदा टोचावयाची नवी औषधे निघाली आहेत. अमेरिकेत २०२२ साली मांजरांसाठी व २०२३ साली कुत्र्यांसाठी त्यांस मान्यता मिळाली. शेतकऱ्याच्या कुत्र्यास त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. लठ्ठ कुत्र्याचे वजन उतरविणे, निजावयास कोरडे पोते घालणे व धावपळीचे काम तरुण कुत्र्याकडे सोपविणे यांनी औषधाची गरज पुष्कळ घटते.

खर्च वाचविण्यासाठी घरातील माणसांची गोळी जनावरास देण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. माणसाची १५ मिलिग्रॅमची मेलॉक्सिकॅमची एक गोळी ही वरील कुत्र्याच्या रोजच्या मात्रेच्या साडेसातपट होते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे बिघडतात. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास साक्षात विष आहे. ती पचविण्याची क्रिया मांजराच्या यकृतात पुरेशी होत नाही, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते व मांजर दगावते. एक गोळीही त्यास पुरेशी होते. मांजरासाठी मेलॉक्सिकॅमचे प्रमाण इतके अल्प आहे की चार किलोग्रॅमच्या मांजरास रोज ०.२ मिलिग्रॅमच पुरते. माणसाची लहानात लहान ७.५ मिलिग्रॅमची गोळी त्यास महिन्याहून अधिक दिवसांची होईल. ती हाताने मोडून वाटणे शक्यच नाही.

निघण्यापूर्वीची व्यवस्था

या विकाराचा निम्मा बंदोबस्त गाव सोडण्यापूर्वीच होऊ शकतो. पोळा ते दसरा या अवधीत गावातील जाणाऱ्या जोड्यांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने एक दिवस तपासणीसाठी ठरवावा. त्या दिवशी खूर साफ करून वाढलेले भाग कापणे, पत्री मारणे, लाळ्या-खुरकुताची लस टोचणे आणि प्रत्येक बैल कडक जमिनीवर चालवून पाहणे एवढे झाले पाहिजे. जो बैल तेव्हाच लंगडतो त्याच्या भरवशावर उचल घेऊ नये, हे मुकादमाची रक्कम हातात पडण्यापूर्वी सांगितले तरच उपयोगी पडते.

बैलाच्या कानात १२ अंकी बिल्ला आहे याची खात्री करावी. तो क्रमांक, टोचलेल्या लसी व दिलेली औषधे यांची नोंद एका कागदावर करून गाडीवानाजवळ द्यावी, म्हणजे परजिल्ह्यातील पशुवैद्यास मागचा उपचार कळतो व तेच औषध दुबार दिले जात नाही. फडावर असताना १९६२ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. बोलताना फडाचे गाव, कारखान्याचे नाव आणि जवळची ठळक खूण सांगावी, कारण कोप्यांना पत्ता नसतो.